सी मध्ये आकडे आणि मजकूर नीट कसा छापायचा? सीमाभागातल्या मुलांचे नेहमीचे प्रश्न

बेळगावात संध्याकाळी घरी मी सी शिकवतो. येणारी बरीच मुलं खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी शाळांतून दहावी झालेली असतात. पीयूसी किंवा डिप्लोमाला गेलं की विषय एकदम इंग्रजीत सुरू होतो, आणि डोक्यात मराठीत तयार झालेला साधा प्रश्न वर्गात विचारायचा राहून जातो. व्हीटीयूसारखं तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून आपल्या गावात आहे, तरी सी मध्ये छापायचं काम करणाऱ्या प्रिंटएफ या फंक्शनवर मराठीतून दोन पानं सापडत नाहीत. म्हणून माझ्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं उत्तरांसकट मांडतो.

कोड मराठी अक्षरांत का लिहिलाय? असाच टाइप करायचा का?

नाही. आपण एकमेकांना कोड तोंडानं सांगतो तसा तो इथं लिहिलाय. %डी म्हणजे टक्क्याचं चिन्ह आणि पुढे इंग्रजी लहान डी. %८.२एफ म्हणजे टक्का, आठ, टिंब, दोन, एफ. \एन म्हणजे उलटी तिरकी रेघ आणि एन. मशीनवर टाइप करताना अक्षरं इंग्रजी लहान लिपीतली आणि अंकही इंग्रजीच घ्या. छापलेली रिकामी जागा डोळ्याला दिसावी म्हणून तिथं मी मधला ठिपका (·) टाकलाय.

प्रिंटएफ मधला एफ कशाचा?

फॉर्मॅटेडचा. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅबमध्ये सी भाषा घडवली. तिच्या सुरुवातीच्या काळापासून हे फंक्शन आहे.

त्याचं काम समजून घ्या, पुढचं निम्मं आपोआप सुटतं. अवतरणातला मजकूर ते डावीकडून एकेक अक्षर वाचतं आणि तसाच छापत जातं. वाटेत टक्का लागला की थांबतं, पुढची खूण वाचतं, आणि स्वल्पविरामानंतर दिलेल्या यादीतला पुढचा आकडा उचलून त्या खुणेप्रमाणे अक्षरांत बदलतं. यादीत नेमकं काय आहे हे त्याला कळायची सोय नाही. तुम्ही %डी म्हणालात की ते पूर्णांक समजून उचलतं, मग तिथं ५.५ का असेना. पडद्यावर भलताच आकडा आला तर आधी खूण आणि व्हेरिएबलचा प्रकार जुळतो का ते बघा. जीसीसी हा कंपायलर वापरत असाल तर कंपाइल करताना वजा चिन्ह, मोठा डब्ल्यू आणि त्याला लागूनच लहान ए, एल, एल असा पर्याय द्या (इथला डब्ल्यू तेवढा मोठ्या लिपीतला). यातल्या बहुतेक चुका ते प्रोग्राम चालायच्या आधीच सांगतं. माझ्याकडे पहिल्या दिवसापासून तो सक्तीचा आहे.

सर, दहावीला ६२५ पैकी ५८७ पडले. टक्के ० का येतात?

हा प्रश्न दरवर्षी जूनमध्ये येतो. महाराष्ट्रातल्या भावंडांचं गणित पाचशेचं असतं, आपल्या कर्नाटक बोर्डाचं ६२५ चं, आणि पहिला प्रोग्राम स्वतःच्या मार्कांचाच लिहावासा वाटतो.

५८७ / ६२५ * १०० असं लिहिलं की सी आधी भागाकार करतं. दोन्ही पूर्णांक, म्हणून उत्तरही पूर्णांक, म्हणजे ०. त्याला शंभरानं गुणलं तरी ०. छापण्याची खूण बदलून काही होत नाही, कारण चूक छापण्याच्या आधी होऊन गेलेली असते. ५८७ * १००.० / ६२५ लिहा आणि %.२एफ नं छापा. ९३.९२ येईल.

पुढे टक्क्याचं चिन्ह हवं तर ते दोनदा लिहायचं: "%.२एफ%%".

%डी, %आय, %एफ, %एलएफ यातलं कधी काय?

छापताना %डी आणि %आय सारखेच. वाचताना मात्र फरक पडतो. टाइप केलेलं वाचणाऱ्या स्कॅनएफला %आय दिलं आणि कुणी महिना ०८ असा टाइप केला, तर सुरुवातीच्या शून्यामुळे ते संख्या अष्टमान पद्धतीची धरतं. अष्टमानात ८ हा अंकच नाही, म्हणून ० वाचून तिथंच थांबतं. जुलैपर्यंत बरोबर चाललेला प्रोग्राम ऑगस्टमध्ये बिघडतो तो असा. तारीख वाचायला %डी च वापरा. छापायला "%०२डी/%०२डी/%०४डी". इथं पुढचं शून्य म्हणजे रिकामी जागा शून्यानं भर.

दशांशाचंही तसंच आहे. दशांश ठेवायचा लहान प्रकार फ्लोट, मोठा प्रकार डबल. प्रिंटएफकडे जाताना फ्लोटचं आपोआप डबल होतं, म्हणून छापायला दोघांना %एफ चालतं. स्कॅनएफला मात्र फ्लोटसाठी %एफ आणि डबलसाठी %एलएफ असा भेद पाळावाच लागतो, कारण तिथं आपण पत्ता देतो आणि किती बाइट भरायचे ते खुणेवरून ठरतं.

%८.२एफ मध्ये आठ म्हणजे दशांशाच्या आधीचे आठ अंक का?

नाही. दहापैकी सात मुलं इथं अडखळतात. आठ ही एकूण जागा, त्यात टिंब आलं, दशांशानंतरचे दोन अंक आले, वजा चिन्हही आलं. ४२.५ छापलं तर [···४२.५०] येतं. तीन रिकाम्या जागा आणि पाच अक्षरं.

दिलेली रुंदी ही कमीत कमी असते. आकडा मोठा निघाला तर प्रिंटएफ तो कापत नाही, पूर्ण छापतं आणि रांग मोडते. आकडा कापला तर हिशेब खोटा होईल, म्हणून हे असंच असायला हवं. मजकुराच्या खुणेच्या, म्हणजे %एस च्या बाबतीत टिंबानंतरचा अंक मात्र खरंच कापतो. "%.३एस" म्हणजे फक्त पहिले तीन बाइट. ते बाइट का म्हणतोय ते पुढे मराठी नावांच्या प्रश्नात येईल.

टॅब दिला की रांगा होतातच की. मग रुंदी कशाला मोजायची?

टॅब पुढच्या ठरलेल्या खुंटीपर्यंत उडी मारतो. बहुतेक ठिकाणी दर आठ अक्षरांना एक खुंटी असते. सात अक्षरांचं नाव पहिल्या खुंटीवर थांबतं, आठ अक्षरांचं दुसऱ्या खुंटीवर जातं. एकाच तक्त्यात दोन्ही नावं आली की रांग गेली.

काही वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेसाठी पिग्मीची पावती छापणारा प्रोग्राम लिहून दिला होता. दुकानादुकानात फिरून रोजची रक्कम गोळा करणाऱ्या एजंटच्या हातात छोटा थर्मल प्रिंटर, ५८ मिलिमीटरचा कागद, एका ओळीत ३२ अक्षरं. मी "%-२४एस%८.२एफ" लिहिलं. वजा चिन्हामुळे नाव डावीकडे, रक्कम उजवीकडे, २४ आणि ८ मिळून बरोबर ३२. कित्येक महिने पावत्या सुबक निघाल्या. मग एका भाजीवाल्या मावशींची शिल्लक लाखाला पोचली. १०००००.०० ही नऊ अक्षरं होतात. ओळ तेहेतीसची झाली आणि शेवटचं शून्य खालच्या ओळीवर एकटं पडलं. मावशी पावती घेऊन आल्या, "माझे पैसे खाली का पडले?" म्हणून. रक्कम चुकलेली नव्हती, पण ज्यांनी रोज शे-दोनशे साठवून लाख केला त्यांना कागदावर तो नीट दिसायला हवा होता.

तेव्हापासून मी रुंदी आजच्या आकड्यावरून ठरवत नाही. जास्तीत जास्त किती होऊ शकेल ते विचारतो आणि मग लिहितो. ती ओळ पुढे "%-२०.२०एस%१२.२एफ" झाली. वीसच्या पुढे टिंब-वीस लावल्यानं लांब नाव कापलं जातं, रक्कम जागची हलत नाही. नाव कापलेलं चालतं, रक्कम तुटलेली चालत नाही. संस्थेची नावं इंग्रजी अक्षरांत होती, म्हणून तेवढं पुरलं.

रुंदी चालताना बदलायची असेल तर?

आकड्याच्या जागी तारा द्या: "%*डी". आधी रुंदी, मग आकडा, असे दोन्ही यादीत द्यायचे. "%-*.*एस" ला आधी रुंदी, मग किती बाइटांवर कापायचं तो आकडा, आणि मग मजकूर.

कागदावरच्या रकमांची बेरीज खालच्या एकूण रकमेशी जुळत नाही. पैसे कुठं जातात?

कुठंही जात नाहीत. %.२एफ फक्त कागदावर पूर्णांकन करतं, व्हेरिएबलमधला आकडा जसाच्या तसा राहतो. ३१ रुपये तिघांत वाटले तर प्रत्येकी १०.३३३३… होतात. कागदावर तीनदा १०.३३ येतं आणि खाली एकूण ३१.००. कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला माणूस तीन रकमांची बेरीज ३०.९९ करतो आणि एक पैसा शोधत राहतो. त्याचं बरोबरच आहे. पावतीवर जे छापलं तेच खरं धरून माणसं व्यवहार करतात.

शिवाय २.६७५ ला %.२एफ दिलं तर २.६८ ऐवजी २.६७ येतं. हा दशांश द्विमानात नेमका बसत नाही. मेमरीत त्याच्या जागी २.६७४९९९९… असा जवळचा आकडा असतो, आणि प्रिंटएफ त्याचंच पूर्णांकन करतं. फ्लोट घेतला तर आणखी बिघडतं. त्यात साधारण सातच अंक भरवशाचे, म्हणून १२३४५६७.८९ ठेवलं तर १२३४५६७.८८ छापून येतं. बारा लाखांच्या हिशेबात एक पैसा नुसता साठवताना गेला.

म्हणून पैशाचा हिशेब फ्लोटमध्ये करू नका, डबलमध्येही टाळा. सगळं पैशांत, पूर्णांकात ठेवा, लाँग लाँग हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार घ्या. व्याज काढताना दशांश येणारच. तो आल्या आल्या एलएलराउंड या पूर्णांकन करणाऱ्या फंक्शननं पैशांत पक्का करा आणि त्याच पक्क्या आकड्यांची बेरीज करा. वाटणी करताना उरलेला पैसा कुणाला द्यायचा ते आधी ठरवा. तिघांपैकी एकाला १०.३४ लिहिलं की कागद जुळतो.

छापताना "%एलएलडी.%०२एलएलडी" आणि यादीत पैसे / १००, पैसे % १००. मधलं ०२ विसरलात तर १२ रुपये ५ पैसे हे १२.५ असं छापेल, आणि वाचणारा ते साडेबारा समजेल. रक्कम वजा असेल तर आणखी एक खड्डा आहे. -१२५० ला हाच नियम लावला तर -१२.-५० येतं, आणि -५० ला ०.-५०. वजा चिन्ह आधी वेगळं छापा, मग रक्कम धन करून पुढे द्या.

लाख-कोटीप्रमाणे स्वल्पविराम कसे टाकायचे? १२,३४,५६७ असे?

मूळ सी मध्ये त्यासाठी खूण नाही. लिनक्सवर टक्क्यानंतर एकेरी अवतरण दिलं तर स्वल्पविराम पडतात, पण ते मशीनच्या लोकॅल, म्हणजे भाषा आणि देशाच्या सेटिंगवर अवलंबून आहे. तुमच्या मशीनवर १२,३४,५६७ दिसेल आणि मित्राच्या मशीनवर काहीच नाही. स्वतः लिहा, दहा ओळींचं काम आहे.

कागदावर करून बघू. १००५००७ घ्या. १००० नं भागा, बाकी ७, उरले १००५. आता १०० नं भागा, बाकी ५, उरले १०. हे शंभराच्या आत आले, थांबा. छापताना उलट क्रम: पहिला गट %डी नं, मधले गट %०२डी नं, शेवटचा %०३डी नं. येतं १०,०५,००७. शून्यं भरायची राहिली तर १०,५,७ येईल. गट उलट्या क्रमानं निघतात, म्हणून ते ॲरेत साठवा किंवा फंक्शनला स्वतःलाच बोलवायला लावा. रिकर्शन शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

मराठी नावं छापली की तक्ता वाकडा होतो. प्रिंटएफ मराठीला वेगळं वागवतं का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईतही येत असेल, पण आपल्याकडे गरज रोजची आहे. दुकानदाराला नाव मराठीत हवं, पाटी कन्नडात हवी, आकडे इंग्रजी. तिन्ही एका ओळीत.

प्रिंटएफ रुंदी बाइटमध्ये मोजतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून तिथं बाइट आणि अक्षर एकच वाटतात. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात. बेळगाव हा शब्द बघा: ब, मात्रा, ळ, ग, काना, व. सहा चिन्हं, अठरा बाइट. लांबी मोजणारं स्ट्रलेन हे फंक्शन १८ सांगतं. "%-२०एस" दिलं तर प्रिंटएफ दोनच जागा भरतं, कारण त्याच्या मते अठरा आधीच भरल्यात. बाळकृष्ण हे नाव चोवीस बाइटांचं, तिथं एकही जागा भरली जात नाही. शांता पंधरा बाइटांची, तिच्यापुढे पाच जागा. तिन्हींच्या पुढची रक्कम तीन ठिकाणी. कन्नडाचंही हेच, त्या लिपीच्या चिन्हालाही तीन बाइट लागतात.

कापणं तर आणखी वाईट. "%.१०एस" नं बेळगाव छापलं तर पहिली तीन चिन्हं नऊ बाइटांत संपतात आणि चौथ्याचा एकच बाइट जातो. पडद्यावर काळा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. मराठी मजकूर टिंबाच्या अंकानं कापायचाच असेल तर तो तीनच्या पटीत ठेवा, आणि तो मजकूर निव्वळ देवनागरी असेल तेव्हाच. मध्ये रिकामी जागा किंवा इंग्रजी अक्षर आलं की हा हिशेब मोडतो.

उपाय दोन. पहिला, मला सगळ्यात आवडणारा: आकड्यांचे रकाने आधी छापा आणि नाव ओळीच्या शेवटी. शेवटच्या रकान्याला रुंदीची गरज नसते. पुष्कळदा एवढ्यानं काम भागतं.

दुसरा उपाय म्हणजे जागा स्वतः मोजायच्या. मजकुरात बाइट-बाइट फिरा. ज्या बाइटचे वरचे दोन बिट एक-शून्य असतात तो आधीच्या चिन्हाचाच पुढचा भाग असतो, तो मोजू नका. उरलेल्यांतून वर-खाली लागणाऱ्या मात्रा, उकार, अनुस्वार आणि हलन्त वगळा. मग "%एस%*एस" लिहून यादीत नाव, लागणाऱ्या रिकाम्या जागा आणि रिकामी स्ट्रिंग द्या. दुसरं %एस काहीही न छापता फक्त जागा भरतं. जोडाक्षरं किती जागा घेतात ते टर्मिनल आणि फॉन्टवरही ठरतं, तेव्हा ज्या पडद्यावर वापरायचं तिथंच तपासा.

विंडोजच्या काळ्या खिडकीत मराठी दिसतच नसेल तर आधी सीएचसीपी ६५००१ ही आज्ञा द्या. टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये मराठीचा नाद सोडा.

आकडेच मराठीत छापता येतील का? १२३ असे?

येतात, आणि हे करून बघाच. देवनागरी शून्याचे तीन बाइट दशमानात २२४, १६५, १६६ आहेत. एकाचे २२४, १६५, १६७. नऊचे २२४, १६५, १७५. पहिले दोन कायम, तिसरा १६६ अधिक तो अंक. म्हणून पडद्याऐवजी स्ट्रिंगमध्ये लिहिणाऱ्या एसएनप्रिंटएफनं आकडा आधी स्ट्रिंगमध्ये घ्या, एकेक अक्षर बघा, अंक असेल तर त्याच्या जागी हे तीन बाइट %सी नं छापा, टिंब किंवा स्वल्पविराम असेल तर तसाच सोडा. वर सांगितलेली लाख-कोटीची पद्धत याला जोडली की पावती अगदी आपल्या घरच्या वहीसारखी दिसते. माझ्याकडच्या एका मुलीनं वडिलांच्या दुकानाची उधारीची यादी अशी छापली, आणि तिच्या आजीला ती वाचता आली.

रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० मध्ये आलं. त्यालाही तीन बाइट लागतात, तेव्हा रुंदी मोजताना ते धरा.

४०००० छापलं तर -२५५३६ आलं. कंप्युटर बिघडलाय का?

टर्बो सी वापरताय. तिथं इंट सोळा बिटांचा, -३२७६८ ते ३२७६७ एवढाच. ४०००० मधून ६५५३६ वजा करा, तोच आकडा येतो. लाँग घ्या आणि %एलडी नं छापा. आणि शक्य असेल तिथं जीसीसीवर या.

उद्यमबागेतल्या वर्कशॉपसाठी मापं छापायचीत. किती दशांश ठेवू?

मोजणारं साधन जेवढं दाखवतं तेवढेच. मायक्रोमीटर मिलिमीटरचा हजारावा भाग दाखवत असेल तर %.३एफ. शाफ्ट २४.९८७ चा असताना %.२एफ नं २४.९९ छापलं तर तीन मायक्रॉन कागदावर वाढले, आणि फिटिंगला बसलेला माणूस तुमच्या कागदावर विश्वास ठेवतो. उलट, साध्या फूटपट्टीनं मोजून सहा दशांश छापणंही खोटंच. %एफ ला काही सांगितलं नाही तर ते सहा दशांश देतं, म्हणून अंक नेहमी लिहा.

%जी मापांना किंवा रकमांना लावू नका. ते शेवटची शून्यं खातं, आणि दहा लाख झाले की १ई+०६ असं छापतं.

वापरणाऱ्यानं टाइप केलेलं नाव थेट प्रिंटएफला दिलं तर चालतं ना?

नको. प्रिंटएफ(नाव) असं कधीच लिहू नका, प्रिंटएफ("%एस", नाव) लिहा. नावात कुणी टक्का टाइप केला तर प्रिंटएफ त्याला खूण समजतं आणि मेमरीतलं भलतंच उचलून छापतं. %एन नावाची एक खूण तर छापत नाही, मेमरीत लिहिते. अशा एका ओळीतून बाहेरचा माणूस प्रोग्राम ताब्यात घेऊ शकतो.

"आकडा टाका" ही ओळ मी आकडा टाकून झाल्यावरच का दिसते?

छापलेला मजकूर आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत साठतो आणि सहसा \एन आलं की पडद्यावर जातो. ओळ तोडायची नसेल तर प्रिंटएफनंतर एफफ्लश लिहा आणि त्याच्या कंसात एसटीडीआउट द्या.

तोंडी परीक्षेत विचारलं, प्रिंटएफ काय परत करतं? मला आलं नाही.

किती बाइट छापले तो आकडा. छापताना अडचण आली तर ऋण संख्या. एसएनप्रिंटएफ याहून थोडं वेगळं सांगतं: जागा पुरली असती तर किती लिहिलं असतं, तो आकडा. तो तुमच्या ॲरेच्या मापाएवढा किंवा जास्त आला तर मजकूर कापला गेलाय असं समजा. पिग्मीच्या त्या पावतीत आता प्रत्येक ओळ आधी एसएनप्रिंटएफनं तयार होते, परतलेला आकडा ३२ च्या वर गेला तर ती ओळ छापायच्या आधीच दोन ओळींत मोडते, नाव वर आणि पूर्ण रक्कम खाली.